खाजणातलं गवत

काकाच्या माळावर गवत यायचं थांबलं तेव्हा झालेला आनंद मी लपवला नाही. माणिकपूरच्या ज्या शाळेच्या ऑफिसात मी काम करते, तिथे त्या दिवशी पेढे नेले. कशाचे, असं सगळ्यांनी विचारलं. घरचं कार्य आहे, असं मी सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आमचं घर वसईच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांचं. भात आणि म्हशी, हेच पिढ्यानपिढ्या. आजोबा गेल्यावर बाबांची आणि मोठ्या काकाची वाटणी झाली. काकाने डोंगराच्या पायथ्याचा माळ घेतला. तिथे मारवेल आणि पवन्या असं गोड गवत दाट यायचं, दसऱ्याच्या सुमाराला त्यात वासरू शिरलं तर दिसत नसे. बाबांच्या वाट्याला खाजण आलं, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. बांध जुना होता आणि त्यातली उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार, कुजून गेली होती. भरतीचं पाणी मनाला येईल तेव्हा आत यायचं. भात तिथे केव्हाच पिकेनासा झाला होता.

वाटणीच्या दिवशी गावच्या पंचांसमोर काका म्हणाला, "तुज्या म्हशींना वर्षभर खाऱ्या गवताचं लोनचं आयतंच मिलंल." सगळे हसले. बाबाही हसले, कारण चारचौघांत दुसरं काय करणार. मी तेव्हा कॉलेजात होते. ओट्यावर बसलेल्यांपैकी कोण किती हसलं ते मी आजही सांगू शकते.

बाबा मानी होते. त्यांनी उघाडी नवी करून घेतली आणि कायमची बंद करून टाकली. खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. पावसाचं पाणी साचलं तर चर खणून, पंप लावून तेही घाईघाईने बांधाबाहेर टाकायचे. उन्हाळा लागला की जमीन नांगरायची आणि ढेकळं तापू द्यायची, भाताच्या शेतात आयुष्यभर तेच केलेलं. इथे मात्र मे महिन्यात जमिनीवर पांढरा थर यायचा आणि पायाखाली कुरकुरायचा. पेरलेलं गवत उगवायचं, चार बोटं वर यायचं आणि शेंड्याकडून करपत जायचं. बाबा पुन्हा नांगरायचे. विकतच्या पेंढ्यावर म्हशी किती दिवस पोसणार? एकेक करून सगळ्या गेल्या. शेवटची टेम्पोत चढेना. बाबांनी पुढे होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला, तेव्हा चढली. त्यानंतर बाबा खाजणाकडे फिरकले नाहीत. घरातच बसून असायचे, आणि दिवाळीनंतर गेले.

बाराव्याचं जेवण झाल्यावर हात पुसत काका आईला म्हणाला, "खाजन मना दे. कोलंबीवाल्यांना देऊन टाकू. नायतरी तिथं काय उगवतंय?"

बाबांच्या फोटोला घातलेला हार अजून ओला होता. मी त्याच क्षणी ठरवलं की हा माणूस एक दिवस त्याच बांधावर उभा राहील आणि माझ्याकडे गवत मागेल. देवाकडे दुसरं काही मागायचं नाही, असंही ठरवलं. माझ्या वयाच्या मुली लग्नाचं बघत होत्या. मी हे बघत होते.

उन्हाळ्यात मी नांगरणीसाठी ट्रॅक्टर सांगून आले. आई भाताचे तांदूळ निवडत बसली होती. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "नांगरू नको. मिठागरात आमी काय करायचो? पानी घ्यायचं नी सुकवायचं. जमीन सुकली की मीठ वर येतं. तुला मीठ नको ना? मग सुकू देऊ नको. पावसाचं पानी कोंड, ओहोटीला सोडून दे, परत कोंड."

एवढंच बोलून ती पुन्हा तांदळाला लागली. मी ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून कळवलं. दुसरं काही विचारायचं मला सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त काका होता.

त्या पावसाळ्यात मी खाजणात छोटे बांध घालून वाफे केले. पावसाचं पाणी त्यात कोंडायचं, जमिनीत मुरू द्यायचं, आणि मोठी ओहोटी लागली की उघाडी उघडायची. गढूळ पाणी खाडीत जायचं. भरती फिरायच्या आत दार लावायचं. उधाणाच्या दिवसांत तर दारापाशी ठाणच मांडून बसावं लागे. बाहेर पडणारं पाणी मी जिभेला लावून बघायची. सुरुवातीला थुंकावं लागे, मग नुसतं मचूळ लागायला लागलं. शाळेत जाताना माझ्या नखांत चिखल असायचा आणि बायका बघायच्या. बघू देत, असं म्हणून मी सोडून द्यायची.

पाऊस सरल्यावर जमीन उघडी ठेवून चालणार नव्हतं. पलीकडच्या तबेलेवाल्यांना शेणाचं काय करावं हा प्रश्नच असतो, त्यांनी टेम्पोने आणून टाकलं आणि वर माझेच आभार मानले. शेण आणि कुजका पेंढा यांचा जाड थर मी सगळीकडे पसरला, म्हणजे उन्हाने जमीन सुकणार नाही आणि मीठ वर चढणार नाही. तबेल्याच्या नाल्याकाठी पॅरा गवत माजलेलं असतं, त्याच्या कांड्या आणून चिखलात खोचल्या. पहिल्या वर्षी गवत चाई लागलेल्या डोक्यावरच्या केसांसारखं आलं, इथे आहे तिथे नाही. मी चिडून त्याच टकलांवर दुप्पट शेण टाकलं. पुढे हळूहळू सगळं भरलं. गवत मुठीएवढं राखूनच कापायचं, एका वेळी एकच वाफा, आणि कापलं की लगेच त्या वाफ्याला शेण. जमिनीचं घेतलेलं तिला परत द्यायचं, एवढा एक नियम मी कधी मोडला नाही. मग गोठ्यात पुन्हा म्हशी आल्या.

या सगळ्या काळात काकाच्या माळाकडे माझं बारीक लक्ष होतं. तो दरवर्षी गवताला बी धरायच्या आधीच मुळापासून कापून काढायचा आणि ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा. शेण नर्सरीवाल्यांना विकायचा. उरलेल्या खुंटांना आग लावायचा. माळावरून सगळं खाली येत होतं आणि वर काहीच जात नव्हतं. आधी मारवेल गेलं, मग पवन्या. मग कुसळी गवत आलं, त्याला म्हशी तोंड लावत नाहीत. काकाने युरिया टाकला. एक पावसाळा माळ हिरवागार झाला आणि तो गावभर सांगत सुटला. पुढच्या पावसाने मातीच धुऊन नेली, खालचा मुरूम दिसायला लागला. बसमधून जाताना मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीत बसायची. कधी एकदा माळाचं टक्कल पूर्ण होतंय असं मला झालं होतं.

यंदा एप्रिलात तो आला. चपला हातात घेऊन बांधावरून चालत आला आणि उघाडीपाशी थांबला. मी कापत होते, ती कापतच राहिले. त्याला उन्हात चांगलं उभं केलं. शेवटी तोच बोलला.

"गवत पायजे होतं गो."

"कुणाला?"

"म्हशींना. पेंढा मिलत नाय कुठं."

"लोणचं घाल की," मी म्हटलं.

इतकी वर्षं घोटून ठेवलेलं वाक्य होतं ते. "म्हशींना लोनचं?" काकाने विचारलं. त्याला काही आठवलं नाही. खरंच आठवलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि माझा इतका संताप झाला की विळा बाजूला ठेवावा लागला. मी त्याला सगळं ऐकवलं. पंच, ओटा, हसणं, टेम्पो, बाराव्याला मागितलेलं खाजण. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने वाफ्यांवरून नजर फिरवली, उघाडीकडे पाहिलं.

"हे आयशीनं शिकवलं तुला," तो म्हणाला. "तुज्या बापाला मीच बोललो होतो, बायकोला इचार, ती मिठागरची हाय. त्यानं इचारलं पन. ती बोलली, मना काय कलतंय."

"खोटं बोलू नको."

"घरी जाऊन इचार."

उद्या ये, असं सांगून मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं आणि घरी आले. आई बोंबील साफ करत होती. मी उभ्या उभ्या विचारलं, "बाबांनी तुला खाजणाचं विचारलं होतं?"

"इचारलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने हातातल्या बोंबलाचं डोकं मोडलं. मग म्हणाली, "लग्नानंतर पयल्या सनाला मी भावकीला वाढत होते. तुजा बाप सगल्यांसमोर बोलला, मिठागरची आनलीय, पाय बघा हिचे, खारानं खाल्लेले. सगले हसले. पुढं जन्मभर तेच. आमटी खारट झाली की तेच, मी कशात बोलले की तेच. मग त्यानं इचारलं तेव्हा मी बोलले, मी मिठागरची, मना गवतातलं काय कलतंय."

"शेवटची म्हैस गेली तेव्हासुद्धा?"

"तेव्हा सांगनार होते," आई म्हणाली. "पन त्यानं इचारायचं सोडलं होतं."

तिच्या आवाजात पश्चात्ताप होता का, ते मी शोधत होते. नव्हता. आणि तिचं शब्द न् शब्द मला कळत होतं, हेच मला सहन होईना. बाबांच्या जागी काका असता आणि त्याने मला विचारलं असतं, तर मीही अगदी तशीच गप्प बसले असते. मला बाबांसाठी रडू आलं आणि तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून मी मागच्या दाराने बाहेर गेले.

सकाळी खाजणात पोचले तर आई माझ्या आधीच आली होती. काका बांधावर उभा होता. तिने त्याच्यासाठी चांगला मोठा भारा बांधला, डोक्यावर चढवायला हात दिला, आणि म्हशी कशा आहेत म्हणून चौकशी केली. दोघांचं आपसात काही वैर नव्हतंच. तो गेल्यावर आम्ही दोघी कापायला बसलो, वाफ्याच्या एका कडेला ती, दुसऱ्या कडेला मी. तेव्हापासून रोज अशाच बसतो. माझ्या मनात काय आहे ते तिने विचारलं तर मी सांगेन. ती विचारत नाही.