झाडलेली वाट

आमची वाडी पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावर. आमी गवळी धनगर. म्हशी राखायच्या, दूध-तूप खाली नेऊन विकायचं. घरात एका अंगाला माणसं, एका अंगाला म्हसरं. वर गाडी येत न्हाई. पायवाट हाय, ती कारवीच्या झुडपांतनं, ओढ्यातनं, आणि पावसाळ्यात जळवांतनं.

सरकारनं डोंगरातल्या वाड्यांचा आराखडा करायला घेतला, तेव्हा आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. माझ्या पोरानं त्याच्या आईला तोंडावर सांगितलं होतं, "आये, रस्ता झाला तर म्हसरं वाढवतो, दूध गाडीनं खाली घालतो. न्हाई झाला तर मी बायकापोरं घेऊन मलकापूरला चाललो." तिला पोरगा आणि नातवंडं वर पाहिजे होती. बास, एवढंच.

साहेब वाट बघायला येणार असा निरोप ग्रामसेवकानं आणला. जिथली वाट अवघड, तिथं रस्ता आधी, असं ठरलेलं. बायकोनं निरोप ऐकला आणि कोयता काढला.

आमच्याकडं पाव्हणा वर यायचा म्हटलं की बायका ओढ्यापर्यंत वाट झाडतात. वऱ्हाड असो, व्यापारी असो. न्हाई झाडली तर वाडीची लाज जाते. वाडीतल्या साऱ्या बायका निघाल्या. कारवी तोडली, ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडले, निसरड्या कातळावर राख टाकली.

माझा धाकटा भाऊ म्हणाला, "वैनी, जळवा तेवढ्या ठेवा. साहेबाला चावू द्या जरा!"

"तुलाच बांधते ओढ्याला," ही म्हणाली. "पाव्हण्याला चावाय लावतोस व्हय रं, मुडद्या?"

सगळे हसले. मीही हसलो. आपण काय करतोय हे एकाच्याही डोक्यात आलं न्हाई.

साहेब आले. पोरांनी त्यांची पिशवी घेतली. वळणावळणावर घोंगडं टाकून बसवलं, ताक दिलं. माणूस वर आला तो गाणं गुणगुणत. "आजी, काय सुंदर वाट आहे तुमची," म्हणाले. हिनं खरवस वाढला. लय खुशीत होती.

पुढं आराखडा झाला, तो ग्रामसेवकानं वाचून दाखवला. पायवाट चांगली हाय, रस्त्याची घाई न्हाई. आमच्या वाडीला सोलरचे दिवे मंजूर.

हिनं त्याला परत एकदा वाचाय लावलं. मग म्हणाली, "म्हंजी आमी झाडलं, त्येच नडलं व्हय?"

पोरगा बोलल्यासारखा खाली गेला. दोन वर्सं आमी दोघं वर रेटत राह्यलो. मग हिच्या गुडघ्यांनी जवाब दिला आणि पोरगा आमाला घेऊन गेला. म्हशी कडेगावच्या एका बागायतदाराला दिल्या. त्या ट्रकात चढवताना ही बघायला आली न्हाई.

मलकापुरात फरशीची खोली, पंखा, नळ. हिला झोप लागायची न्हाई. म्हसरांचा श्वास ऐकू येत न्हाई म्हणायची. गल्लीच्या टोकाला एकाचा गोठा होता, तिथं सकाळ-संध्याकाळ जाऊन उभी राहायची.

"आज्जी, दूध पायजे का?" मालकानं विचारलं.

"न्हाई बाबा. उभी ऱ्हाते जरा."

गेल्या भादव्यात ती गेली. त्याच खोलीत. साहेबावर रागवावं, तर तो भला माणूस होता, त्याला जे दाखवलं ते त्यानं लिहिलं. तिच्यावर रागवावं, तर ती कुठं हाय?

आता नवा आराखडा करत्यात. तालुक्याला बैठक होती. पोरगा नको म्हणत होता, तरी गेलो. एक तरुण बाई साहेब होत्या. "बाबा, तुमच्या वाडीसाठी काय पाहिजे ते सांगा," म्हणाल्या.

म्हटलं, "बाई, वाट बघायला आलात तर भर पावसात या, आणि सांगून येऊ नका. सांगितलंत तर आमच्या बायका वाट झाडून ठेवत्यात."

बसलेली माणसं हसली. बाई हसल्या न्हाईत. मग पेन उघडून विचारलं, "सध्या वर किती घरं राहतात?"

मी भावाचं घर सांगितलं. पलीकडच्या चुलत्याचं सांगितलं. आणखी एक म्हातारी हाय, तिचं सांगितलं.

"आणि तुमचं?"

तोंडात 'हाय' आलं होतं. दार हाय, कौलं हायत, चूल हाय.

"आमचं धरू नका," म्हणालो.