ड्रायव्हरनं गाडी सोडायची नसते

भाचीच्या लग्नाला मी मोटार घेऊन निघालो होतो, तीही स्वतःच्या मालकीची! लढाई संपली, पलटणीतून सुटलो आणि लिलावात मिलिटरीची एक जुनी अँब्युलन्स घेतली. स्ट्रेचरच्या जागी खाट टाकली, खाटेखाली स्टोव्ह आणि पातेलं. कोरेगावाहून एकटाच निघालो. औंधाजवळ गाडीतच भात शिजवला, गाडीतच झोपलो. थाट विचारू नका.

थोरली बहीण, अक्का, जत तालुक्यात दिलेली. नवरा लवकर गेला, दीर कुणी नाही. मी भरती झालो तेव्हा भाची परकरातली पोर होती, त्यानंतर गाठ नाही. अक्कानं पत्रात लिहवलं होतं, "बाकी काय आणू नगंस. मामा म्हणून तेवढा उभा ऱ्हा." नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. सासरची मंडळी तोऱ्याची. पोरीच्या मागं माहेरचा पुरुष कोण, हे ती तिथंच बघून घेणार होती.

मुहूर्त गोरज होता. सकाळी गाव चार कोसांवर असताना रेडिएटरची नळी फुटली. फडकं गुंडाळलं, सुतळी आवळली, प्यायचं पाणी ओतलं. फर्लांगभर चालली आणि परत फुटली! आता पाण्याचा थेंब नाही, नुसता माळ आणि करपलेल्या ज्वारीची धसकटं. मी बॉनेटवर बुक्क्या मारल्या, आईमाईवरून शिव्या दिल्या. गाडी ढिम्म.

दुपारी एक बैलगाडी आली. गाडीवान म्हणाला, "आवं मिल्ट्रीवाले, बसा की. दिस मावळायच्या आत पोचवतो."

आणि मी नाही म्हणालो. हो, नाही म्हणालो! पलटणीत पाच वर्षं एकच घोटवलं होतं : ड्रायव्हरनं गाडी सोडायची नसते, सोडली तर कोर्टमार्शल. शिवाय मनात हौस होती, भाचीची वरात मोटारीतून काढायची. म्हटलं, इंजन थंड झालं की बघू. बैलगाडी दिसेनाशी झाली. घटकाभरानं पुन्हा हँडल मारलं, पुन्हा मारलं. हाताची सालपटं निघाली. उन्हं कलायला लागली तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं. गाडी तिथंच टाकली आणि पळत सुटलो. देवा, तेवढा मुहूर्त लांबव रे, असं मोठ्यानं ओरडत पळत होतो. लाज कसली नि काय.

पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या.

अक्कानं मला लांबूनच ओळखलं. दंडाला धरून घरामागं रांजणापाशी नेलं. मला वाटलं, थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

"शेजारच्या धनगराला मामा म्हणून उभा केला," ती म्हणाली. "तुला पलटणीतनं रजाच न्हाई मिळाली, असं सांगितलंय मी व्याह्यास्नी."

"अक्का, गाडी मोडली गं..."

"मोडू दे. आता म्होरं येऊ नगंस. रजा न्हाई म्हटल्यावर मान ऱ्हायला पोरीचा. तू आलास तर मी खोटी पडंन."

तिनं माझ्या हातावर पाणी घातलं, पानावर जेवण आणून दिलं. ते मी तिथंच उकिडवं बसून खाल्लं.

सकाळी पाठवणीच्या वेळी मी गडीमाणसांत उभा होतो. अंगावर तेलकट खाकी, दाढी वाढलेली. वराचा बाप माझ्याकडं बघून ओरडला, "ए, बघत काय बसलायस? ती ट्रंक चढव की गाडीत." मी ट्रंक उचलली. बैलगाडीत भाची बसलेली, रडून डोळे सुजलेले. अगदी अक्कावर गेली होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दादा, जरा बेतानं ठेवा. आत आरसा हाय."

"व्हय," मी म्हणालो, आणि ट्रंक बेतानं ठेवली.