दोघांपुरतं शीड

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तुम्ही दोघं खरंच शिडाच्या होडीतून मालवणला गेला होतात?" गेलो होतो. पण मला प्रवासाआधी तयारी आठवते. म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं होती. थळला कारखाना अजून यायचा होता आणि किहीमचा किनारा इतका मोकळा होता, की भरतीचा आवाज दुपारीही आमच्या घरात येई. थळच्या एका म्हाताऱ्या तांडेलाने त्याचा जुना शिडाचा मचवा आम्हाला विकला, कारण त्याच्या मुलांना इंजिनाची होडी हवी होती. तुमचे आजोबा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते, दर शनिवारी रेवसच्या लाँचने घरी यायचे. मी अलिबागच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. दिवाळीनंतर दोघांनी लांब रजा काढायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचं, फक्त दोघांनी, असं ठरलं होतं.

मचवा आम्ही सुरूंच्या आडोशाला ओंडक्यांवर चढवला आणि वर नारळाच्या झापांचं छप्पर केलं. पावसाळाभर त्या छपराखाली आमचा दुसरा संसार होता. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, वर राळ भरायची. आजोबा बाहेरून ठोकत, मी वर ताडपत्री ओढून आत बसून कुठून उजेड येतो ते सांगत असे. "इथे एक चांदणी आहे," मी म्हणायची. मग ठोकण्याचा आवाज यायचा आणि ती चांदणी विझायची. शेवटी आत पूर्ण काळोख झाला. त्या काळोखात राळेचा वास घेत मी बराच वेळ बसून राहिले. आपण आताच कुठेतरी खोल समुद्रात आहोत, असं वाटत होतं.

आत मी प्रत्येक वस्तूला जागा केली. चुलीसाठी वाळू भरलेली पेटी, पाण्याचं पिंप, तांदळाचे डबे, आणि पुढच्या फळ्यांखाली दोघांना आडवं होता येईल एवढी जागा.

नारळी पौर्णिमेनंतर, पाऊस ओसरला तेव्हा, मचवा पाण्यात उतरवला. पहिल्या दिवशी तांडेल आणि त्याचे दोन पुतणे बरोबर होते. ते उंच शीड वाऱ्याने भरलं तेव्हा आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. लहानपणी किनाऱ्यावर उभं राहून त्यांनी अशी शिडं पाहिली होती. त्या शिडासाठीच त्यांनी हा मचवा निवडला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. वाऱ्याने बाजू बदलली, की शीड ज्याला बांधलेलं असतं तो लांब वासा उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावा लागतो. आमच्याने तो हलेना. शीड डोलकाठीला गुंडाळलं गेलं, मचवा आडवा फिरला, दोरीने माझे तळवे सोलले. पुतणे दुसरी होडी घेऊन आले आणि त्यांनी आम्हाला ओढत परत नेलं.

तांडेल किनाऱ्यावर उभाच होता. "सायेब, चार हात कमी पडतान. माजे पुतणे घ्या बरोबर."

घरी आल्यावर आजोबा माझ्या तळव्यांना खोबरेल लावत म्हणाले, "तो म्हणतो ते खरं आहे. पण मग आत झोपायला जागा उरत नाही. तू असं कर, एस.टी.ने ये. बंदराबंदरावर भेटू."

"आणि मी काय, पिशवी घेऊन धक्क्यावर उभी राहू? पाहुण्यांना उतरवून घ्यायला आल्यासारखी?"

"अगं, मग दुसरं काय करणार?"

"वासा कापा. शीड लहान करा."

त्यांनी खोबरेलाची वाटी बाजूला सारली. जेवून लाँचने मुंबईला गेले. पुढच्या शनिवारी आले आणि थेट किनाऱ्यावर गेले. मी मागून गेले. ते वाशावर हात ठेवून बसले होते. तांडेल त्यांना समजावत होता, "मचव्याचं नाक कापताव काय, सायेब? कासव व्हईल त्याचं!" मी तशीच मागे फिरले. मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

सकाळी करवतीच्या आवाजाने मला जाग आली.

मग ते शीड आम्ही ओटीवर पसरलं. मी कापून पुन्हा शिवत होते, आजोबा समोर बसून दोऱ्याला मेण लावून देत होते. कापलेल्या तुकड्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

कार्तिकात आम्ही निघालो. तांडेलाचं म्हणणं खरं ठरलं. सगळ्या होड्या आम्हाला मागे टाकून जात. रेवदंड्याजवळून जाताना एका मचव्यावरचा खलाशी ओरडला, "ओ सायेब, शिडाचा रुमाल केलाव काय?"

आजोबांनी वर शिडाकडे पाहिलं. मग ओरडले, "सर्दी झालीय हो मचव्याला!" आणि हसू लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

श्रीवर्धनच्या पुढे एका दुपारी ते शिडाच्या सावलीत उजव्या बाजूला झोपले होते. जमिनीवरून येणारा सकाळचा वारा पडला. पाणी तेलासारखं स्थिर झालं, डोंगर पुसट झाले, आणि जरा वेळाने समुद्रावरून नवा वारा माझ्या गालाला लागला. मी सुकाणूचा दांडा दोरीने बांधला, पुढे गेले, वासा उभा केला आणि डोलकाठीपुढून पलीकडे नेला. जड होता, पण आला. शीड फडफडलं आणि भरलं.

अंगावर ऊन आलं तसे आजोबा जागे झाले. वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोणी फिरवलं?"

"इथे आणखी कोण आहे?"

ते उठून बसले. मी माझ्या जागेवर जाऊन दांडा सोडवला. थोडा वेळ ते शिडाकडे बघत राहिले, मग उशी उचलून डाव्या बाजूच्या सावलीत गेले आणि पुन्हा झोपले.