ओसरीच्या भिंतीची छुई

लढाईच्या वर्षांत माझं लग्न झालं आणि गोंदियाच्या रेल्वे चाळीतून मी देवरीकडच्या एका खेड्यात आले. चाळीच्या भिंती विटांच्या. मजूर येऊन त्यांना चुना मारून जात. सासरचं घर मातीचं. पावसाळ्यात भिंतींना भेगा पडल्या होत्या, पोपडे सुटले होते, खालची हातभर माती ओलीनं भुसभुशीत झाली होती. दिवाळीआधी हे सगळं बुजवून वरून छुई, म्हणजे पांढरी माती, फिरवायची. हे काम घरातल्या बायकांचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मुळात कमी बोलत, माझ्याशी तर फारच कमी. शहरातली मुलगी मातीत हात घालायची नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलंय, असं मला वाटे. एक दिवस सगळे हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीला गेले, तेव्हा ते परतायच्या आत ओसरीची भिंत करून दाखवायचं मी ठरवलं. भेगांवर ओली माती थापली आणि ती वाळायची वाट न पाहता छुईचे दोन हात दिले. भिंत पाहायला मी तीनदा अंगणात गेले.

आत्याबाई आल्या, त्यांनी भिंतीला एकदा बोट लावून पाहिलं आणि विळा ठेवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या भेगा वर आल्या आणि छुईचे पापुद्रे खाली पडू लागले. मी चुलीपाशी बसून रडले.

थोड्या वेळानं त्यांनी मला बाहेर बोलावलं. हातात खुरपी होती. बोटांच्या पेरांनी त्या भिंत ठोकत पुढे जात आणि जिथे पोकळ वाजे तिथली माती पाडून टाकत. बारीकशी भेगही त्यांनी चांगली बोटभर रुंद केली. धड भिंत कशाला बिघडवायची, असं मी भीतभीत विचारलं.

"वरून झाकली त अंदर तशीच रायते," त्या म्हणाल्या. "पह्यले मोठी कर, पानी पाज, मंग भर."

अंगणातल्या खड्ड्यात माती, शेण, धानाचा कोंडा आणि पेंढ्याची बारीक तनस भिजत घातली. ती तीन दिवस मुरू द्यायची होती. तिसऱ्या दिवशी बाबा मला दिवाळीला न्यायला आले, आमगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे छकड्यातून. माझे हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते. उद्या सकाळी निघायचं, असं ते म्हणाले. मी खरवडलेल्या भिंतीकडे पाहिलं.

"भिंत भरून होईपर्यंत मी येत नाही, बाबा."

त्यांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला, धोतर वर खोचलं आणि खड्ड्यात उतरून चिखल तुडवायला लागले. आत्याबाईंनी घाईनं पदर पुढे ओढला आणि व्याह्यांना थांबवायला मामंजींना पाठवलं. मामंजी गेले, दोन शब्द बोलले आणि स्वतःच खड्ड्यात उतरले. धानाच्या आणि रेल्वेच्या गप्पा मारत दोघे तासभर तुडवत होते. आत्याबाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी भेगा भरत होतो. अंगठ्यानं माती आतपर्यंत दाबायची, वाळली की चाळलेल्या मातीचा पातळ हात ओल्या तळव्यानं फिरवायचा. तोही वाळला, तेव्हा छुई दिली. दाराजवळ थोडा फुगवटा राहिलाच, पण पापुद्रा एकही सुटला नाही.

निघताना मी पाया पडले. छकडा हलला तेव्हा आत्याबाई चाकाबरोबर चार पावलं चालत आल्या.

"भाऊबीज झाली का लवकर ये," त्या म्हणाल्या. "मांगची भिंत रायली हाय."

आमगाव येईपर्यंत बाबांना मी त्या मागच्या भिंतीबद्दलच सांगत होते.