श्रीखंडाच्या डब्यांतली रोपं

कॉलेजच्या काचघरात उंदीर झाले आणि माझी भाताची रोपं घरी आली. गोडदेवच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत श्रीखंडाचे वीस रिकामे डबे, प्रत्येकात चार रोपं. आमची खाचरं होती तिथेच ही इमारत उभी आहे. म्हणजे भात तसा आपल्याच जागेवर आला होता, फक्त चार मजले वर.

घरात मी आणि बाबा. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आम्ही दोघं जन्मभर तिच्यामार्फतच एकमेकांशी बोलत आलो होतो, हे ती गेल्यावर कळलं. मी चहा ठेवायचे, ते प्यायचे, संपलं. संध्याकाळी मला घरी यायचा कंटाळा यायचा. खरंच यायचा.

माझा विषय सांगायला सोपा आहे. माती सुकायला लागली की रोप एक संप्रेरक तयार करतं. त्याचा निरोप पोहोचला की पानावरची बारीक छिद्रं मिटतात आणि पाणी वाचतं. पण पान हवाही त्याच छिद्रांतून घेतं, त्यामुळे पाणी वाचवणारं रोप उपाशी राहतं. दहा डब्यांवर मी हे संप्रेरक फवारलं होतं, दहांवर नुसतं पाणी. मग आठ दिवस मातीत थेंबही घालायचा नाही. डब्यांची तोंडं, रोपांपुरती भोकं ठेवून, प्लास्टिक आणि रबरबँडने बंद केलेली. रोज सकाळी प्रत्येक डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी पानांतून गेलं. महिनाअखेरीला हे आकडे दिले नाहीत तर प्रबंधाची मुदत संपणार होती आणि सहा वर्षं वाया जाणार होती.

पाचव्या सकाळी संप्रेरक न फवारलेल्या दहा डब्यांचं वजन वाढलं. काटा बिघडला असेल म्हणून मी साखरेची पिशवी ठेवून पाहिली. काटा ठणठणीत होता. मग रबरबँडकडे लक्ष गेलं. मी एकच वेढा घालते. या दहांना दोन-दोन वेढे होते, अगदी नीट.

"बाबा, पाणी कुणी घातलं?"

ते पेपर वाचत होते. "मीच घातला. पानांच्या सुरल्या झाल्या व्हत्या. मना बघवला न्हाय."

"तुम्हाला काय कळतं यातलं? कशाला हात लावता माझ्या वस्तूंना?"

भात लावण्यात हयात गेलेल्या माणसाला मी हे म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट होती, तेही मला कळत होतं. तरी म्हणाले. त्यांनी पेपरची घडी घातली आणि आतल्या खोलीत गेले. मागोमाग जाऊन माफी मागायला हवी होती. मी गाइडना फोन लावला, हातापाया पडून मुदत वाढवून घेतली आणि नवी रोपं लावायला बसले.

दुसऱ्या खेपेला आकडे सुरेख आले. साधी रोपं भराभर पाणी गमावत गेली, फवारलेली जपून, अगदी हवं तसं. त्या आठ दिवसांत बाबा बाल्कनीत एकदाही आले नाहीत. स्वतःचा टॉवेलसुद्धा ते खोलीतल्या खुर्चीवर वाळत घालायचे. मला ते दिसत होतं आणि मी वजनं लिहीत होते.

शेवटचं वजन लिहून झालं तेव्हा मला फार आनंद झाला आणि तो सांगायला घरात एकच माणूस होतं. मी तांब्या भरून त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, झालं माझं काम. आता घाला पाणी, सगळ्यांना."

त्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच घाल," ते म्हणाले. "माजा हात नको."

आवाजात राग असता तर मी भांडले तरी असते. परक्याच्या घरी माणूस जपून बोलतं, तसं ते बोलले.