उजवा पुढचा, उजवा मागचा

अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात देवराव इंगळ्यांच्या कानाबद्दल जेवढ्या गोष्टी सांगितल्या जात, तेवढ्या एखाद्या पुढाऱ्याच्या सबंध देहाबद्दलही कुणी सांगितल्या नसतील. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, चहाचा कप तोंडाला लावलेला असताना देवराव म्हणायचे, "किशोर, तिसऱ्या डब्याची पिन ढिली हाये." किशोर हा त्यांचा पंचवीस वर्षांपासूनचा जोडीदार. तो पळत जाऊन स्पीकरचा तो डबा पाहायचा आणि पिन ढिलीच निघायची. छत्तीस वर्षं 'दीपमाला साऊंड सर्व्हिस' चालली ती त्या कानावर. माणसाचं नाव कपाळावर लिहिलेलं असतं म्हणतात. देवरावांचं कानावर होतं.

मागच्या चौदा एप्रिलला मात्र भलतंच झालं. जयंतीच्या स्टेजवर माइकनं शिटी मारली. अशी शिटी, की पहिल्या रांगेतल्या बायांनी लेकरांचे कान झाकले, भंतेजींनी डोळे मिटले. देवराव मिक्सरपाशी सुपारी कातरत बसले होते. कातरतच राहिले. शेवटी किशोरनं झेप घेऊन बटण खाली ओढलं. उत्सव समितीचे रामराव नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होते असं, देवराव. वय झालं न बाप्पा आता." शिवी दिली असती तर देवरावांनी परत दिली असती. या मायेला काय द्यायचं ते त्यांना सुचेना. घरी येऊन ते जेवले नाहीत, आणि सुंदराबाईंनी कारण विचारल्यावर म्हणाले, "भाजी आळणी हाये." ताटाला त्यांनी हातही लावला नव्हता.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच किडा. आपला कान शाबूत आहे की नाही? आणि आहे, हे रामरावांना कसं दाखवायचं?

डॉक्टरकडे जावं, असं सुंदराबाईंचं मत. "डॉक्टर का मिक्सरवर बसते का? त्याले काय समजते आवाजातलं!" असं देवरावांचं.

हिवाळ्यात त्यांच्या मुलीनं, दीपमालानं, अकोल्याला कौलखेडात घर घेतलं. ती नर्स, जावई ललित विद्यापीठात कारकून. बुद्धवंदना झाली, खीर झाली, आणि देवरावांनी जाहीर केलं, "पोरीच्या घरात मी टॉकीज बांधून देतो." पाच डबे, एक बेसचा डबा, आणि मधोमध सिनेमा चालवणारा छोटा कॉम्प्युटर. आवाज डिजिटल. असं वाजवीन, की सिनेमात पाऊस पडला तर बसणाऱ्यानं डोक्यावर रुमाल टाकला पाहिजे. मनात पुढचंही वाक्य होतं, ते बोलले नाहीत: मग रामरावांना अकोल्याला बोलावीन आणि डब्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसवीन.

आठ दिवस त्यांनी जावयाच्या हॉलमध्ये मुक्काम ठोकला. जुन्या ऑफिसातला एक बारका कॉम्प्युटर घेतला, त्याच्या पोटातला घरघरणारा पंखा काढून बिनआवाजाचा बसवला. सगळं आवरल्यावर त्याचा आकार पोळ्यांच्या डब्याएवढा झाला. फोनवर हे ऐकून सुंदराबाई म्हणाल्या, "एवढ्याशात मावते का वो टॉकीज?" मागच्या बाजूला एक चौकोनी भोक होतं, त्यात लाल उजेड मिणमिणत होता. त्यात काचेच्या धाग्याची वायर खोचायची आणि तिचं दुसरं टोक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये.

"यातून करंट नाई जात," देवराव जावयाला सांगत होते, "उजेड जाते. कॉम्प्युटरनं आवाजाचं पाकीट फोडायचं नाई. बंद पाकीट तसंच पुढे धाडायचं. फोडते अ‍ॅम्प्लिफायर, आन वाटते पाची डब्यायले."

"पोस्टमन हाये म्हणा कॉम्प्युटर," ललित म्हणाला.

"बराबर. पन हा पोस्टमन चिठ्ठ्या वाचून राह्यला!"

कारण पहिले तीन दिवस पुढचे दोनच डबे बोलत होते. कॉम्प्युटर पाकीट स्वतःच फोडून पाच आवाजांचे दोन करत होता. शेवटी सेटिंगच्या कोणत्या तरी सातव्या पानावर ती खूण सापडली, अ‍ॅम्प्लिफायरवर निळा दिवा लागला आणि मागचे डबे जागे झाले. देवरावांनी सुंदराबाईंना अकोल्याहून फोन करून सांगितलं, नातू झाल्यासारखं.

मग त्यांनी युद्धाचा एक सिनेमा लावला. पडद्यावर हेलिकॉप्टर उडालं. डाव्या हातानं आलं, डाव्या खांद्यामागून पाठीशी गेलं, आणि उजवीकडे वळलं तसं कुठं तरी विहिरीत पडल्यासारखं गायब झालं.

"उजवा मागचा मेला," देवराव म्हणाले. "पुढचाही मरून राह्यला."

या धंद्यात बिघाड शोधायची एक रीत आहे, आणि देवराव ती किशोरला रोज शिकवत आले होते: अदलाबदल करून पाहा. बिघाड ज्या वस्तूसोबत जागा बदलतो, ती वस्तू खराब. त्यांनी पेन्सिल सेल घेऊन प्रत्येक डब्याच्या तारांना टेकवला. पाचही डब्यांचे पडदे हलले, म्हणजे डबे धड होते. उजवे डबे डावीकडे नेले, डावे उजवीकडे. तरी मुकी बाजू उजवीच. वायरी बदलल्या. अ‍ॅम्प्लिफायर बदलून आणला. मुकी बाजू उजवीच. अखेर त्यांनी उजवीकडच्या खिडकीवर ठपका ठेवला. आवाज खिडकीतून शेजारच्या चंदाबाईंकडे जातो म्हणून जाड पडदा लावला. आवाज काही परत आला नाही.

मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उजव्या डब्यांच्या आवाजाचा आकडा वाढवला. शून्याचे पाच, पाचाचे आठ. मागच्याचे दहा. हेलिकॉप्टर सुखरूप उजवीकडे उतरलं. देवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसं वाटते, ललितराव?"

ललित खुर्चीच्या उजव्या अंगाला बसला होता. त्याचा चेहरा दाढ काढून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता. त्यानं दीपमालाकडे पाहिलं. दीपमालानं त्याच्याकडे पाहिलं.

"एक नंबर, मामाजी," ललित म्हणाला.

"बाबा, असं तं टॉकीजमधीही नसन," दीपमाला म्हणाली.

हिवाळाभर देवराव चारदा अकोल्याला गेले. जाण्याआधी फोन करायचे, जाऊन खुर्चीत बसायचे, हेलिकॉप्टर ऐकायचे आणि सुखानं परत यायचे. रामरावांना त्यांनी आमंत्रणही देऊन टाकलं, एप्रिलच्या पहिल्या रविवारचं. "या तं खरं. मग सांगा, मिक्सरवर कोन बसन."

मार्चच्या शेवटी एक मिक्सर दुरुस्तीला टाकायला ते अकोल्याला गेले. काम लवकर आटोपलं. आता फोन कशाला, म्हणून सरळ कौलखेड गाठलं. घराला कुलूप. चंदाबाईंकडून किल्ली घेतली, पंखा लावला, सिनेमा लावला आणि खुर्चीत बसले.

हेलिकॉप्टर उजवीकडे गेलं आणि विहिरीत पडलं.

देवराव उठले. वायर सुटली असेल म्हणून टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, सेलोटेपनं चिकटवलेली, औषधाच्या पॅडवरची चिठ्ठी होती. अक्षर दीपमालाचं, पेशंटच्या डोक्याशी लिहितात तसं स्वच्छ:

बाबा येणार असतील तेव्हा – उजवा पुढचा ८, उजवा मागचा १०.
बाबा गेल्यावर – सगळे शून्य.

खाली ललितच्या अक्षरात: पडदाही लावणे.

देवरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नंतर रागानं काही करावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं, पण राग कुणावर धरायचा तेच कळेना. घरातल्या साऱ्या वस्तू आपापल्या जागी नीट होत्या.

त्यांनी सगळं बदलून पाहिलं होतं. डबे, तारा, अ‍ॅम्प्लिफायर, खिडकीसुद्धा. एकच वस्तू जागची हलवली नव्हती. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. हेलिकॉप्टर पुन्हा उडालं. आता आधी मुकी असलेली बाजू बोलू लागली, आणि आजवर बोलणारी मेली. बिघाडानं जागा बदलली होती. तो खुर्चीतल्या वस्तूसोबत फिरला होता.

छत्तीस वर्षं मिक्सरचं टेबल स्टेजच्या डाव्या अंगाला टाकलं. तिथून बोलणाऱ्याची खूण दिसते आणि वायर कमी लागते. तिथं डब्यांची थप्पी त्यांच्या उजव्या कानापासून हातभर. किशोरनं कितीदा म्हटलं होतं, टेबल सरकवू. "वायर का तुह्या बापाची हाये का?" असं म्हणून त्यांनी वायर वाचवली होती.

हेलिकॉप्टर केव्हाचं गेलं. देवराव भिंतीकडे पाहत बसून राहिले. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

दीपमाला ड्यूटीवरून आली ती दारातच थबकली. "बाबा! फोन नाई केला तुमी?" चपला न काढताच ती कपाटाकडे धावली. "धूळ झाली पाहा, पुसते जराशी." ओढणीनं पुसता पुसता तिचं बोट रिमोटवर चाललं होतं. खुर्ची उलटी होती, म्हणून उजवे डबे आता देवरावांच्या चांगल्या, डाव्या कानाशी गरजू लागले.

ती त्यांच्या शेजारी त्याच बाजूला सोफ्यावर बसली. चेहऱ्यावर हसू. दर गोळीबाराला तिची पापणी फडफडत होती.

"उलटे काहून बसले बाबा? बराबर वाजून राह्यलं न?"

देवरावांनी खुर्ची टीव्हीकडे सरळ केली आणि तिच्या हातातला रिमोट घेतला. अ‍ॅम्प्लिफायरच्या खिडकीत आकडे उतरत गेले. दहा, सात, चार, शून्य.

"राहू दे वो. तुये कान जातीन."

"मले चालते, बाबा."

"मले नाई चालत."

दीपमाला काही तरी बोलली. ती आता त्यांच्या उजवीकडे आली होती. देवरावांनी तिचे ओठ पाहिले. ते हलले, शब्द लागला नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, डाव्या कानाला लावला.

"रामराव, देवराव बोलतो. रविवारी येऊ नका अकोल्याले... नाई, वाजते. मशीन चांगली वाजते. चौदा तारखेले किशोर बसन मिक्सरवर."

पलीकडून रामराव बराच वेळ बोलत होते. मायेनंच बोलत असणार.

"मी? मी हाओ न. वायरी गुंडाळन."