पाठ न टेकणाऱ्या बाई

गेल्या रविवारी उपासनेला बसलात तेव्हा तुमची पाठ बाकाला टेकलेली होती का? हसू नका. आमच्या छावणीतल्या चर्चच्या मंडळीत एक बाई होत्या, त्यांनी कधीच पाठ टेकली नाही. बाकाच्या अगदी कडेला बसायच्या, एक पाय पुढे, एक मागे, जणू कुणी हाक मारली की निघायचंच आहे. मागच्या बाकावरचे म्हातारे चिडवायचे, "बाई, गाडी सुटतीय का तुमची?" बाई मागे न बघता म्हणायच्या, "माझी नाय. तुमची कवाच गेली. झोपेत कळलं नाय तुम्हाला."

आम्ही त्यांना पीटी बाई म्हणायचो. चिकलठाण्याच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मुलींना खो-खो शिकवला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या तरुण संघाला. नाताळच्या आठवड्यात शहरातल्या मंडळ्यांचे सामने होतात, त्याची तयारी. खो-खोत सगळे पळणाऱ्याकडे बघतात. बाई बसलेल्यांकडे बघायच्या. "पळणारा दमला तर चालतं," त्या म्हणायच्या. "बसलेला सैल पडला की डाव गेला. बसणं बी खेळच हाय रे, विश्रांती नाय."

एका वर्षी अंतिम सामन्यात मी लागोपाठ गडी बाद केले आणि खो देऊन खाली बसलो. टाळ्या चालू होत्या, मी त्या ऐकत होतो. त्यामुळे आमच्याच संघातल्या दानिएलने पाठीवर थाप मारून मला खो दिला तेव्हा उठायला उशीर झाला आणि समोरचा गडी निसटला. तरीही सामना आम्ही जिंकलो. सगळे करंडकाभोवती नाचत होते. बाई तिकडे फिरकल्या नाहीत.

"बाई, जिंकलो की!" मी म्हणालो.

"व्हय, जिंकलो. उद्या सकाळी सराव."

"जिंकल्यावर?"

"हरल्यावर पोरं आपणहून येतात. जिंकल्यावरच बोलवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर बाई आणि दानिएल, दोघंच होते. मी घरी पडून करंडकाचे फोटो सगळ्यांना पाठवत होतो.

मी पत्रिकांवर वाढलो. वडील बसस्थानकावर सुवार्तेच्या पत्रिका वाटायचे. घरात कपाटापेक्षा गठ्ठे जास्त होते, आणि अक्षरं मी त्यांवरच गिरवली. पुढे मीही लिहू लागलो. माझी सगळ्यात गाजलेली पत्रिका विश्वासात कोमट झालेल्या ख्रिस्ती लोकांवर होती. नुसती आग. पाळकसाहेबांनी ती चर्चमध्ये व्यासपीठावरून वाचून दाखवली. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून मला परत दिली. "लई झ्याक लिहिलंस. सगळ्यांना उठवलंस. आता तू कवा उठतो?" मला राग आला. खेळाच्या बाईंना लिखाणातलं काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

त्याच वर्षी दानिएल एका मारामारीच्या प्रकरणात हर्सूलच्या जेलमध्ये गेला. खटला अजून चालू आहे. प्रार्थनेच्या विनंत्यांत त्याचं नाव काही रविवार घेतलं गेलं, मग हळूच गळलं. त्याची आई, शांतामावशी, त्याला भेटायला जायची. पण गेटवरची रांग, शिपायांचं खेकसणं, ओळखीचं कुणी बघेल ही धास्ती. एकटीला ते झेपायचं नाही. कितीदा तरी ती लेकाला न भेटताच गेटवरून परत आली. हे कळल्यापासून बाई तिच्यासोबत जाऊ लागल्या. बाईंना आत सोडत नसत. त्या बाहेर लिंबाखाली उभ्या राहायच्या, एवढंच. मावशी बाहेर आली की दोघी टपरीवर चहा प्यायच्या आणि रिक्षाने परत यायच्या.

मग बाईंना दम लागू लागला. एका रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यापुढं मावशीसंगं तू जात जा."

"जातो ना बाई. एवढी संजीवन सभा होऊ द्या. माझं बोलणं आहे त्यात."

"विषय काय?"

"जागे व्हा."

बाई नुसत्या हसल्या. सभा झाली. लगेच दुसरी ठरली. बाई धापा टाकत हर्सूलला जातच राहिल्या, आणि ते मला माहीत होतं. हे वाक्य लिहिताना मान वर होत नाही.

बाई गेल्या. कब्रस्तानात चार शब्द बोलायला अर्थातच मला सांगितलं. मी बोललो. बसणं, उठणं, खो, सगळं बोललो. लोक रडले. कुणीतरी म्हणालं, "दादा, हे छापाच." गर्दी पांगू लागली तेव्हा शांतामावशी पुढे आली. "दादा, उद्या भेटीचा वार हाय. बाई तर गेल्या. माझ्यासंगं कोण यील?"

ती काही मला एकट्यालाच विचारत नव्हती. अर्धी मंडळी तिथं उभी होती. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी छत्री शोधू लागलं. आणि मी, नुकताच एवढं सगळं बोललेला मी, पाळकसाहेबांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मावशीने पदर सावरला. "नाय तर राहू द्या," म्हणाली आणि चालू लागली. तिला गाठायला मला कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली उभा राहिलो. मावशी भेटून बाहेर आली ती डोळे पुशीत. "तू आलाय म्हणून सांगितलं त्याला. त्यो म्हणला, येत जा म्हणावं. बोलायचं काय काम नाय."

जातो. पण खरं सांगायचं तर भेटीच्या आदल्या दिवशी मला अजूनही कामं आठवतात, घसा दुखू लागतो. लोक मला जागृतीवर बोलायला गावोगाव बोलावतात आणि इकडे रिक्षात पाय ठेवेपर्यंत मी सबब शोधत असतो. माझा भरवसा धरू नका. शांतामावशीला तर मुळीच धरावा लागू नये.

म्हणून एक विनंती. तुमच्या मंडळीतही कुणीतरी असेल, जिच्या घरचं नाव प्रार्थनेतून गळून गेलं आहे. येत्या रविवारी उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की लगेच गाडी काढू नका. तिला शोधा. कुठं जायचं असतं आणि कोणत्या वारी, एवढं विचारा आणि त्या वारी तिच्यासोबत जा. तुम्ही आमच्याच मंडळीचे असाल तर विचारायचीही गरज नाही. भेट बुधवारी असते. मावशी सकाळीच चर्चच्या फाटकाशी येऊन रिक्षाची वाट बघत असते. या.